काचेच्या पेटीतला जमाखर्च

ऑगस्ट 2022 मधली गोष्ट. आमच्या धाकटीने मासे पाळायचा हट्ट धरला. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी तिने ते पाहिले होते. आम्हीही लहानपणी मरीन ड्राइव्हवरचे, 1951 साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय काचेला नाक लावून पाहिलेले. त्यामुळे आम्हाला नाही म्हणवेना. पगार झाल्यावरच्या पहिल्या रविवारी दोन फुटी टाकी, खडी, हवेचा पंप, प्लॅस्टिकची चार झाडे आणि आठ गोल्डफिश असा सगळा संसार एकाच फेरीत घरी आणला. दुपारी टाकी भरली आणि संध्याकाळी मासे सोडले. घरात जणू पाहुणे आल्यासारखा आनंद होता.

पुढच्या रविवारी पाणी गढूळ दिसले म्हणून आम्ही सगळे पाणी ओतून टाकले. खडी नळाखाली खळखळून धुतली, फिल्टरचा स्पंज पिळून काढला आणि ताजे पाणी भरले. टाकी लख्ख झाली. मासे मात्र वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. एक गेला, मग दोन गेले. अकराव्या दिवशी टाकीत एकही मासा उरला नाही.

त्याच आठवड्यात आमची आई टायफॉइडमधून उठून इस्पितळातून घरी आली होती. शेजारच्या काकू तिला पाहायला आल्या आणि रिकाम्या टाकीकडे बघून म्हणाल्या, “वाईट वाटून घेऊ नका हो. मासे घरावरचं संकट आपल्या अंगावर घेतात. आजी वाचल्या, मासे गेले.”

काकूंचा हेतू चांगलाच होता. पण धाकटी दाराआडून ऐकत होती. रात्री जेवताना ती एकदम म्हणाली, “पप्पा, आपण पुन्हा मासे नको आणू या. कुणी आजारी पडलं की ते मरतील.”

हा घास आमच्या घशात अडकला. आजीचे बरे होणे हे आपल्या माशांच्या जिवावर झाले असे आठ वर्षांच्या मुलीने मनाशी धरले होते. मासे का मेले याचे खरे उत्तर आम्हाला ठाऊक नव्हते आणि म्हणूनच खोट्या उत्तराला घरात जागा मिळाली होती. त्या रात्री आम्ही ठरवले की खरे कारण शोधायचे आणि पोरीला ते डोळ्यांनी दाखवायचे.

न दिसणारे विष

आम्ही वाचले, विचारले आणि कळले ते असे. मासा पाण्यातच खातो, पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच घाण टाकतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेले खाद्य कुजले तरी अमोनियाच होतो. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. काचेसारख्या स्वच्छ पाण्यातही तो असू शकतो. तो माशाचे कल्ले जाळतो, म्हणून मासा हवेसाठी वर येतो.

नदीत, तळ्यात हे विष साठत नाही, कारण तिथे ते संपवणारे कामगार असतात. हे कामगार म्हणजे सूक्ष्म जिवाणू. त्यांची पहिली तुकडी अमोनियाचे नायट्राइट करते. नायट्राइटही विषारीच. ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करते. दुसरी तुकडी नायट्राइटचे नायट्रेट करते. नायट्रेट त्या मानाने बरेच सौम्य आहे. थोडे पाणी बदलून ते काढता येते आणि झाडेही ते खातात.

हे काम जिवंत जिवाणू करतात, हे फ्रान्समध्ये 1877 साली श्लोएसिंग आणि म्युंट्झ या दोघांनी दाखवले. त्यांनी गटाराचे पाणी वाळूच्या थरातून हळूहळू पाझरू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही, अमोनिया आत गेला तसाच बाहेर आला. त्यानंतर मात्र बाहेरच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. वाळूत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तेव्हा काम थांबले, म्हणजे काम करणारे सजीव होते. पुढे 1890 च्या सुमारास विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने असे जिवाणू वेगळे काढून दाखवले.

वाचकहो, ते वीस दिवस लक्षात ठेवा. नव्या टाकीत हे कामगार नसतात म्हटले तरी चालेल. त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळाला मासे पाळणारे ‘सायकलिंग’ म्हणतात, आपण टाकी मुरवणे म्हणू. आम्ही मुरवण न करता आठ मासे सोडले. वर जे थोडे जिवाणू आठवडाभरात जमले असतील, तेही खडी-स्पंज नळाखाली धुऊन घालवले. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने राहिलेले काम पुरे केले. कोणते संकट अंगावर घेतले आणि कसले काय! मासे आमच्या अज्ञानाने मेले.

झाडे आधी की नंतर?

2023 च्या जानेवारीत आम्ही पुन्हा टाकी मांडली. या वेळी मासे नाहीत, फक्त झाडे, आणि तीही खरी. दुकानदार म्हणाला, “साहेब, टाकी सेट होऊ द्या, झाडं महिन्याने न्या. आत्ता टाकाल तर सडतील.” दुसरा म्हणाला, “आजच टाका.” आम्ही दुसऱ्याचे ऐकले आणि त्याची कारणे पुढे देतो.

पहिले कारण, झाडे अमोनिया थेट शोषून घेतात. पाण्यात अमोनियाची दोन रूपे असतात. एक विषारी आणि दुसरे अमोनियम, जे बरेच कमी घातक आहे. पाणी जितके अल्कधर्मी आणि उबदार, तितका विषारी भाग जास्त. पुष्कळ पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात. अमेरिकेतील डायना वॉल्स्टॅड यांनी 1999 साली ‘इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकात हे विस्ताराने मांडले आहे. म्हणजे जिवाणूंची तुकडी कामावर रुजू होईपर्यंत झाडे बदली कामगारासारखी काम सांभाळतात.

दुसरे, जिवाणू पाण्यात तरंगत काम करीत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. प्रत्येक पान, प्रत्येक देठ ही त्यांच्यासाठी नवी चाळच. तिसरे, उजेडात झाडे प्राणवायू सोडतात आणि जिवाणूंना कामासाठी प्राणवायू लागतो. शाळेतला प्रयोग आठवतो ना? चंचुपात्रात हायड्रिला, त्यावर उलटे नरसाळे, त्यावर परीक्षानळी आणि नळीत जमणारे बुडबुडे. तीच हायड्रिला इथे कामाला येते. चौथे, झाडे वाढू लागली की हिरव्या शेवाळाला अन्न कमी पडते. आणि पाचवे, मासे नसताना मुळे निवांत धरतात, कुणी उकरत नाही.

मग पहिल्या दुकानदाराचे म्हणणे अगदीच चूक का? नाही. नवी झाडे सुरुवातीला पाने टाकतात हे खरे आहे. बरीच झाडे विकण्यासाठी पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्यात बुडाली की जुनी पाने काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळतात आणि मुळातून नवी, पाण्याला सरावलेली पाने येतात. ही विरघळणारी पाने तशीच ठेवली तर ती कुजून उलट अमोनिया वाढवतात. म्हणून रोज पाहणी करून खराब पान कात्रीने काढायचे. उपाय एवढाच. झाड उपटून फेकायचे नाही.

आम्ही काय लावले

आम्ही महागडी झाडे घेतली नाहीत. लवकर वाढणारी घेतली, कारण जे झाड वाढते तेच विष खाते. व्हॅलिसनेरियाची दहा रोपे, हायड्रिलाची एक जुडी, हॉर्नवर्टच्या चार फांद्या आणि वर तरंगायला वॉटर स्प्राइट. हौस म्हणून एक जावा फर्न.

लावताना काही गोष्टी सांभाळल्या. जुडीभोवतीची शिशाची पट्टी आणि रबर काढले. झाडे साध्या पाण्यात दोनतीनदा हलवून धुतली. पानाच्या मागे जेलीसारखे थेंब दिसले ते गोगलगाईची अंडी म्हणून बोटाने काढले. व्हॅलिसनेरियाची मुळे खडीत आणि पानांचा पांढरा बुंधा खडीच्या वर ठेवला. बुंधा पुरला तर रोप कुजते. जावा फर्नचे आडवे खोड पुरायचे नसते, ते आम्ही दोऱ्याने दगडाला बांधले. दगड टाकण्यापूर्वी त्यावर लिंबू पिळून पाहिले. फेस आला तर तो चुनखडीचा दगड, पाणी जड करतो, तो बाजूला ठेवला. हॉर्नवर्टला मुळेच नसतात, ते तरंगत सोडले.

पाणी पिंपात चोवीस तास उघडे ठेवून, मग दुकानातले क्लोरीन मारणारे थेंब घालून वापरले. दिवा रोज सात तास. अधिक उजेड म्हणजे अधिक वाढ असा हिशेब नव्या टाकीत चालत नाही, त्याने आधी शेवाळच माजते. थेट उन्हाच्या खिडकीतून टाकी हलवली. टाकीखाली थर्मोकोल घातला आणि लोखंडी मांडणी वापरली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टाकीत पन्नास लिटरच्या वर पाणी मावते. खडी, काच धरून वजन साठ किलोच्या पुढे जाते. लाकडी स्टुलावर हा भार टाकू नये.

आणि एक इशारा. आमच्या एका परिचिताने ‘झाडांना खत हवे’ म्हणून चिमूटभर युरिया सुचवला. कृपा करून असे कुणी करू नका. युरियापासून पाण्यात अमोनियाच तयार होतो.

छत्तीस दिवसांची खतावणी

आम्ही बी.कॉम. झालेला कारकून माणूस. आयुष्य जमाखर्चात गेले. धाकटीला आम्ही हे प्रकरण त्याच भाषेत समजावले. जमेच्या बाजूला खाद्य, विष्ठा, कुजलेले पान. खर्चाच्या बाजूला जिवाणू, झाडे आणि पाणी बदलणे. खाली जी शिल्लक राहते ते विष. इतर हिशेबात शिल्लक राहिली की आपण खूश होतो. या हिशेबात शिल्लक शून्य हवी.

मासे नव्हते, मग जिवाणूंना जेवण कुठून? रोज संध्याकाळी धाकटी माशाच्या खाद्याची छोटी चिमूट टाकी­त टाकायची. ते कुजून अमोनिया होई. आम्ही दुकानातून अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तपासण्याचे थेंबांचे संच आणले. नळीत पाणी, त्यात थेंब, आणि रंग कागदावरच्या पट्टीशी जुळवायचा. एकट्याला खर्च जड वाटला तर चाळीतल्या दोनतीन घरांनी मिळून एक संच घ्यावा, बरेच दिवस पुरतो.

शाळेच्या जुन्या वहीत धाकटीने नोंदी केल्या. सहाव्या दिवशी अमोनिया अर्धा, म्हणजे दशलक्ष भागांत अर्धा भाग. दहाव्या दिवशी एक. त्याच दिवशी व्हॅलिसनेरियाची निम्मी पाने विरघळलेली. ती रडकुंडीला आली, “पप्पा, झाडं पण मेली.” आम्हीही मनातून घाबरलो होतो. पण बुंधा चाचपला तर घट्ट होता. सडकी पाने काढली, चौथा भाग पाणी बदलले आणि थांबलो.

चौदाव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत पहिल्यांदा रंग आला. पहिली तुकडी रुजू झाली! एकोणिसाव्या दिवशी अमोनिया पाव, नायट्राइट एक. चोविसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट अर्धा, आणि व्हॅलिसनेरियाच्या बुंध्यातून तीन हिरवी पाती वर आलेली. ती पाती बघायला आमची आई काठी टेकत टाकीपर्यंत आली. तिसाव्या दिवशी दोन्ही शून्य, नायट्रेट दहा. तरीही घाई केली नाही. पुढचे पाच दिवस खाद्याची चिमूट टाकून दुसऱ्या दिवशी तपासत राहिलो. दोन्ही शून्यच.

येथे एक खुलासा केला पाहिजे. झाडे भरपूर असली की अमोनिया, नायट्राइट फारसे वर चढतच नाहीत आणि नायट्रेटही कमीच दिसते. ‘सायकल झालेच नाही’ असे वाटून कुणी जास्त खाद्य ओतू नये. रोज खाद्य पडूनही दोन्ही विषे शून्य राहतात आणि झाडांना नवी पाने फुटत आहेत, ही खूण पुरेशी आहे. उलट झाडे लावली पण ती वाढत नाहीत, नुसती टिकून आहेत, तर त्यांच्या भरवशावर मासे सोडू नयेत. ज्यांच्या ओळखीत जुनी, निरोगी टाकी आहे त्यांनी तिथल्या फिल्टरचा थोडा स्पंज मागून आणावा. त्यात जिवाणूंची तयार वस्ती असते आणि काही आठवडे वाचतात.

छत्तिसावा दिवस

छत्तिसाव्या दिवशी आम्ही तीन गप्पी आणले. हिवताप विभागाचे लोक डास खाण्यासाठी हौदात सोडतात तेच हे मासे, फक्त रंगीत. सगळे नर घेतले, नाहीतर दोन महिन्यांत पिलांनी टाकी भरते. दहा दिवसांनी आणखी तीन. सहावर थांबलो. गोल्डफिश पुन्हा आणले नाहीत. ते मोठे होतात, घाण फार करतात आणि झाडे कुरतडतात.

आता दर रविवारी फक्त चौथा भाग पाणी बदलतो. नवे पाणी पिंपात मुरवलेले. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळतो, नळाखाली कधीच नाही. वाढलेली झाडे कापून शेजाऱ्यांना देतो. पण नाल्यात, तलावात टाकत नाही. बाहेरचे मासे आणि झाडे तिथे माजली की तिथल्या जिवांचे काय होते, ते जलपर्णीने भरलेले तलाव पाहणाऱ्यांना सांगायला नको.

काही मंडळी म्हणतात, टाकी मुरवायला स्वस्त मासे सोडावेत, मेले तर मेले. आम्हाला हे पटत नाही. जो जीव आपण घरी आणतो, त्याच्यासाठी घर आधी तयार करावे. महिनाभर नुसती झाडे पाहण्यात मुलांचे काही बिघडत नाही. उलट वाट पाहायला ती शिकतात.

गेल्या वर्षी एक गप्पी मेला. सकाळी तो तळाशी दिसला. आम्ही धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. त्या वेळी घरात थोरल्याला ताप होता, आणि काकूही दारातच उभ्या होत्या. आम्हाला वाटले, जुनी भीती पुन्हा डोके वर काढणार.

ती काही बोलली नाही. वही काढली, नळीत पाणी घेतले, थेंब टाकले, पाच मिनिटे घड्याळाकडे बघत बसली. मग म्हणाली, “अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. पप्पा, हिशेब बरोबर आहे. हा म्हातारा झाला होता, दोन दिवस खात नव्हता.” आणि काकूंकडे वळून, “काकू, दादाला ताप पावसात भिजल्यामुळे नाही, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय. ते आलं की कारण कळेल.”

काकू हसल्या. जाताना त्यांनी वॉटर स्प्राइटचे एक पिल्लू वाटीत मागून नेले. त्यांच्या नातवाला टाकी हवी आहे म्हणे. धाकटीने त्यांना जिन्यापर्यंत जाऊन बजावले, “आधी झाडं लावा, काकू. मासे महिन्याने.”